विश्रांतीचा आकडा

हुडखाली डोकं घालण्याआधी चिमाजी दर वेळी विचारायचा, "ताई, आज किती जळलं ते सांगणार न्हवं?"

"आधी मोजू तर द्या," मी म्हणायचे.

हुड म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा घुमट. माणसाने उताणं पडायचं, घुमट डोक्यावर ठेवायचा, त्याच्या कडेचं कापड गादीखाली खोचायचं. एक पंखा आतली हवा सावकाश ओढून घेतो आणि त्या हवेत प्राणवायू किती घटला, कर्बवायू किती वाढला, हे यंत्र दर मिनिटाला मोजतं. त्यावरून तो माणूस नुसता पडून राहिला तर दिवसाला किती कॅलरी जाळेल, तो आकडा निघतो. पहिली पाच मिनिटं मी फेकून द्यायचे, कारण घुमटाखाली गेल्यावर माणूस थोडा घाबरतो आणि घाबरलेलं शरीर जास्त जाळतं. पुढची वीस मिनिटं खरी.

दर सोमवारी सकाळी मी त्याच घुमटाखाली शुद्ध अल्कोहोलचा छोटा दिवा लावायचे. अल्कोहोल जळताना दोन वायूंचं गुणोत्तर ०.६७ यायलाच हवं. आलं नाही, तर यंत्र खोटं बोलतंय. ०.६५ आलं की मी दिवा पुन्हा लावायचे. सुजित दारातून बघत म्हणायचा, "मॅडम, पॉइंट शून्य दोनसाठी कुणी मरत नाही."

सुजित आमच्या युनिटचा समन्वयक. माणसं गोळा करणं, त्यांना टेम्पो ट्रॅव्हलरने आणणं, परत सोडणं हे त्याचं काम. युनिट भोसरीत, एका पॅकिंगच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. औषध बाजारात येण्याआधी ते माणसांवर तपासायचं, हा आमचा धंदा. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी तिथं लागले, त्याला दीड वर्ष झालं होतं. घर दापोडीत. अब्बांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. मोजण्याची खोड मला त्यांच्याकडूनच आली असावी. स्पार्क प्लगची फट ते कधी नजरेने ठेवत नाहीत, पट्टी घालून बघतात.

भूक मारणारी इंजेक्शनं आता सगळ्यांना ठाऊक झाली आहेत. आमची गोळी वेगळी होती. ती भुकेला हात लावत नाही, बसल्या जागी शरीराला जास्त जाळायला लावते, असा ती बनवणाऱ्यांचा दावा होता. नाडी थोडी वाढते, घाम येतो, कुणाला चक्कर येते. किती, तेही पाहायचं होतं. पहिल्या टप्प्यात बावीस पुरुष घेतले होते, सगळे थोडे जाड. सगळ्यांना खरीच गोळी होती, तुलनेसाठीची, औषध नसलेली खोटी गोळी पुढच्या टप्प्यात येणार होती. आधी एकदा मोजायचं, रोज एक गोळी, आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. सरासरी वाढ सात टक्क्यांच्या वर आली तर मात्रा तीच ठेवून पुढे जायचं. तीन टक्क्यांच्या खाली आली तर मात्रा दुप्पट करून ज्यांची तयारी असेल त्यांना पुन्हा आठ आठवडे द्यायची. मधलं काही आलं तर बैठक. हा नियम मला पाठ होता. तो पाठ असूनही मी पुढचं सगळं केलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

बावीस जण चाकणच्या एकाच फोर्जिंग कारखान्यातले कंत्राटी कामगार होते. तापून लाल झालेला लोखंडाचा तुकडा चिमट्यात धरून हॅमरखाली सरकवायचा, त्याचा गाडीचा भाग होतो. चिमाजी हे काम नऊ वर्षं करत होता. "ठेकेदार तीन बदलले, हॅमर त्योच हाय," तो म्हणायचा. माणूस चाकणजवळच्या कुरुळीचा, चाळिशीचा, खांद्याने रुंद, पोट सुटलेलं. त्या वर्षी कंपनीने सांगितलं होतं की दसऱ्यानंतर साठ कंत्राटी माणसांतून बारा जण कायम करणार. हंगामात ज्यांची हजेरी पूर्ण, त्यांचीच नावं यादीत. चिमाजी यादीत नववा होता. हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, रक्तदाब मोजताना. त्याचा रक्तदाबही त्यामुळे दोन अंशांनी वाढलेला आला, असं तोच म्हणाला.

आठव्या आठवड्याचे आकडे सुंदर आले. सरासरी वाढ ९.४ टक्के. युनिटमध्ये पेढे वाटले. चिमाजीचा आधीचा आकडा १६४० होता, आता १८१२. मी त्याला सांगितलं तेव्हा तो उठून बसला आणि शेजारच्या पलंगावरच्या अनिसला म्हणाला, "ऐकलं का? आठराशे बारा."

अनिस त्याच्याच हॅमरवर भट्टी सांभाळायचा. तो म्हणाला, "चिमाभाऊ, तुझं पोट बघून तर वाटत नाय. मीटर फास्ट पळत असेल, रिक्षावाल्यासारखा."

"तुजा किती?"

"अपना सतराशे चाळीस. पण मी हिरोसारखा दिसतो, म्हणून चालतंय."

चिमाजी हसत उठला. मी उशीचा अभ्रा बदलायला घेतला आणि थांबले. अभ्र्यावर त्याच्या मानेचा आणि दोन्ही कानांचा काळा ठसा उमटला होता. लोखंडाच्या खपल्यांची ती काजळी अंघोळीनेही लवकर जात नाही. पण ही ओली होती.

"चिमाजीभाऊ, तुम्ही आत्ता कुठून आलात?"

"कंपनीतनं. सातला सुटलो. गाडी गेटवरच उभी व्हती."

"म्हणजे तिसरी शिफ्ट करून?"

"दुसरी आन तिसरी. सध्या डबलच चाललंय. गणपती-दसऱ्याच्या गाड्या हायत."

मी त्याचा अर्ज काढला. मापनाआधी अठ्ठेचाळीस तासांत जड काम केलं आहे का, या प्रश्नापुढे 'नाही' असं होतं. खाली त्याची सही. बावीसच्या बावीस अर्जांवर 'नाही' होतं, एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात.

सोळा तास हॅमरसमोर उभा राहिलेला माणूस दीड तासात थंड होत नाही. शरीर आतून चालूच राहतं, झिजलेलं भरून काढतं, उष्णता बाहेर टाकतं, आणि त्या सगळ्याला प्राणवायू लागतो. मी बाकीच्यांनाही शिफ्ट विचारल्या आणि मोजणीची यादी काढून बसले. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आलेले पाच जण निघाले. त्या पाचांची सरासरी वाढ चार टक्क्यांच्या आत होती. डबल शिफ्ट करून आलेल्यांची अकरा. मग आधीच्या मोजणीच्या तारखा बघितल्या. सगळ्या मे महिन्यातल्या, एकाच आठवड्यातल्या.

त्या आठवड्यात क्लोजर होतं. मोठ्या गाड्यांच्या कंपन्या वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून यंत्रांची दुरुस्ती करतात. त्या बंद झाल्या की त्यांना सुटे भाग देणारे चाकणचे लहान कारखानेही थांबतात. माणसं घरी बसतात, झोपतात, लग्नाला जातात. आम्ही त्यांना तेव्हा मोजलं होतं, दुपारच्या झोपा काढून आलेल्यांना. आणि आता हंगामात मोजलं. या दोन आकड्यांमधल्या फरकाला आम्ही औषधाचं नाव दिलं होतं.

मी सुजितला गाठलं. तो जिन्यात चहा पीत होता.

"सगळ्यांचे अर्ज तू भरलेस?"

"गाडीत भरतो. नाहीतर तुमच्याकडे दहा वाजतात."

"ते डबल शिफ्ट करून आले होते."

"मग? क्लोजर वर्षातून एकदा येतं, मॅडम. या लोकांना हंगामात दोन दिवस झोपवून आणायचं म्हणता? त्यांचा सुपरवायझर मला झोपवेल." त्याने कप टाकला. "आकडा चांगला आलाय. पेढा खाल्लात ना तुम्ही पण?"

खाल्ला होता.

युनिटच्या प्रमुख डॉ. दिपाली. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या जेवत होत्या. त्यांनी डबा बाजूला सरकवला आणि माझा कागद दोनदा वाचला. त्यांनी मला उडवून लावलं असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्या म्हणाल्या, "आरफा, तुझं म्हणणं बरोबर वाटतंय. पण वाटतंय म्हणून मी बावीस माणसांचा निकाल फेकून देऊ शकत नाही. चार माणसं आण. इथं वॉर्डमध्ये अठ्ठेचाळीस तास झोपव आणि पुन्हा मोज."

"ती यायला हवीत."

"ते तुझं काम. आठवड्याच्या आत." त्या डबा पुढे ओढत म्हणाल्या, "आणि आकडा तीनच्या खालीही निघू शकतो, ते तुला माहीत आहे."

"खरं निघेल," मी म्हणाले. मला त्या वेळी खरंच एवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी गोळ्या न्यायला आलेल्यांना परत सोडणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्येच मी चढले. भोसरीहून निघून मोशीच्या सिग्नलला गाडी अडकली, तेवढ्यात मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आकडा कामामुळे फुगलाय, गोळीमुळे नाही. चार जण दोन दिवस विश्रांती घेऊन आले तर खरं काय ते कळेल.

 मग मागून अनिस म्हणाला, "मॅडम, आप दो दिन बोलती हो. हमारे इधर दोन तास उशीर झाला तरी सुपरवायझर आईची आठवण काढतो."

सगळे हसले.

"तू येशील का, अनिस?"

"मी यादीत अकरावा आहे. अकरावा माणूस सुट्टी घेत नाय, मॅडम. अकरावा माणूस दहाव्याच्या सुट्टीची वाट बघतो."

पुन्हा हसू. दोघांनी सुट्टीचे दिवस बदलून घेऊन येतो म्हटलं. तिसऱ्याचं यादीत नाव नव्हतं आणि त्याचे पाहुणे भोसरीतच राहत होते, तो तयार झाला. चिमाजी खिडकीतून बाहेर बघत होता. चाकणला उतरताना तो माझ्यापाशी थांबला.

"ताई, तुमचं म्हननं आसं, की माजा आठराशे बारा खोटा?"

"मापलेला खरा आहे. कशामुळे आला, ते खोटं आहे."

त्याने जरा विचार केला. "आमच्याकडं मापाच्या गेजमदी न बसनारा जॉब, म्हंजे तयार भाग, पुढं सोडला तर पुढं कुनाच्या तरी गाडीचा अ‍ॅक्सल तुटतो. येकदा मी सोडला व्हता. घाईत. तीन दिवस झोप न्हाई आली." मग म्हणाला, "येतो मी. पन मला कागुद पायजे. दवाखान्याचा. कागुद आसला की रजा हजेरीत धरत्यात."

"यादीला काही होणार नाही ना?"

"कागुद आसल्यावर काय व्हतंय?"

कागदाचं मी सुजितला विचारलं. तो म्हणाला, "त्यात काय. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, ताप लिहून देतील. व्हायरल, दोन दिवस विश्रांती. आख्खा चाकण त्याच्यावर चालतो."

"ताप आलेला नाही त्याला."

"मॅडम, चाकणमध्ये कुणालाच ताप येत नाही. सगळे कागदावरच आजारी पडतात."

मला राग आला. अर्जांवरचं ते निळं तिरकं 'नाही' डोळ्यांसमोर होतं. एक खोटं दुरुस्त करायला निघालेली मी दुसरं खोटं हातात देणार नव्हते. मी युनिटच्या कागदावर स्वतः पत्र लिहिलं, इंग्रजीत, नीट चार ओळी. हा माणूस एका औषधाच्या चाचणीत स्वेच्छेने सहभागी आहे. औषधाने हृदयाचे ठोके वाढू शकतात आणि क्वचित चक्कर येऊ शकते. त्याची तब्येत सध्या ठीक आहे. मापनासाठी त्याला अठ्ठेचाळीस तास विश्रांतीची गरज आहे. खाली सही, शिक्का, तारीख. चाचणीतल्या माणसाची माहिती बाहेर द्यायची नाही असा नियम आहे. पण पत्र तोच मागत होता, तोच नेणार होता, म्हणून चालेल असं मी ठरवलं.

"ह्यात काय लिवलंय?" चिमाजीने विचारलं.

"जे खरं आहे तेच."

"मंग बरंय." त्याने पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

ते दोन दिवस मला चांगले आठवतात. बाकी तिघं पहिल्या तासात झोपले. चिमाजीला झोपता येत नव्हतं. मी अकरा वाजता फेरी मारली तर तो पलंगाच्या चाकाशी वाकून बसला होता.

"काय करताय?"

"ह्ये चाक घासतंय. नट ढिला हाय."

"झोपा. काही करायचं नाही."

"हात लावून तर घट व्हतोय, पाना बी नको."

"चिमाजीभाऊ!"

तो पडला. दुपारी चादरींच्या घड्या घालताना सापडला. संध्याकाळी खिडकीशी उभा राहून खालच्या कारखान्यातली खोकी मोजत होता. दुसऱ्या दिवशी मात्र तो बारा तास झोपला, तोंड उघडं टाकून, हात पोटावर. झोपेत त्याची बोटं चिमटा धरल्यासारखी मिटलेली असायची. जागा झाला तेव्हा म्हणाला, "घरी आसं झोपलो तर बायकू डॉक्टर बोलवंल."

तिसऱ्या सकाळी मोजलं. वीस मिनिटांत रेघ जवळजवळ हललीच नाही. १६६३. मे महिन्यापेक्षा दीड टक्क्याहूनही कमी वाढ. चौघांची सरासरी १.९.

"किती?" त्याने घुमट निघायच्या आतच विचारलं.

"सोळाशे त्रेसष्ट."

त्याचा चेहरा पडला. "लईच कमी झालं की."

"कमी नाही. खरा आहे हा. गोळी जवळजवळ काहीच करत नाही."

"म्हंजे आठराशे बारा माजंच व्हतं? गोळीचं न्हवतं?"

"तुमचंच होतं. तुमच्या कामाचं."

त्यावर तो खूष झाला. चपला घालताना, जिना उतरताना, तो ते पुन्हा पुन्हा म्हणत होता. "माजंच व्हतं म्हना की." मीही खूष होते. मी आकडे चार वेळा तपासले आणि डॉ. दिपालींच्या टेबलावर ठेवले.

दोन दिवसांनी अनिसचा फोन आला. "मॅडम, तुम्ही चिमाभाऊला काय लिहून दिलं? त्याचा गेट पास बंद केलाय."

मी बसने चाकणला गेले. कारखान्याच्या फाटकासमोर चिमाजी उभा होता, डब्याची पिशवी हातात. पहिल्या शिफ्टला आला होता आणि फाटकातून परत फिरवला होता. पहारेकऱ्याने मला आत सोडलं, त्याला नाही.

सेफ्टी ऑफिसरचं नाव रंगराव. वयस्कर, सौम्य माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, फाइलमधून माझं पत्र काढलं. चार ओळींपैकी दुसरीखाली लाल रेघ होती.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"ठोके वाढू शकतात, चक्कर येऊ शकते. खरं आहे?"

"क्वचित. बावीस जणांत एकालाच, तीही हलकी—"

"खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"अकराशे डिग्रीचा तुकडा चिमट्यात धरून हा माणूस उभा राहतो, मॅडम. मागे दुसरा, शेजारी तिसरा. मला हे पत्र मिळालं नसतं तर मला काही माहीत नसतं. आता माहीत आहे. माहीत असून उभा केला तर जबाबदारी माझी."

"बाकीचे एकवीस जणसुद्धा—" मी म्हणाले आणि थांबले.

रंगरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाकीचे कोण?"

मी पाणी प्यायले. अनिसचं हसणं आठवलं, यादीतला अकरावा. "कुणी नाही," मी म्हणाले. मला वाटतं, त्या महिन्यात मी बोललेलं ते एकच खोटं.

"चिमाजीने गोळी बंद केली तर?" मी विचारलं.

"करू दे ना. मग तुम्ही असं लिहून द्या, की आता याच्या शरीरात औषध नाही आणि त्याला काही होणार नाही. मी उद्या पास चालू करतो." त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. त्यांना खरंच मदत करायची होती.

औषध शरीरातून पूर्ण जायला किती दिवस लागतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. तेही आम्हाला अजून मोजायचंच होतं. मी पेन उचललं. 'औषध बंद केल्यानंतर सर्वसाधारणपणे' एवढं लिहिलं आणि खोडलं.

"असं खात्रीने लिहिता येत नाही," मी म्हणाले. "काही आठवड्यांनी रक्त तपासून कदाचित."

"यादी सोमवारी जाते," रंगराव म्हणाले.

फाटकाबाहेर चिमाजी उभाच होता. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी म्हणाले, मी पुन्हा प्रयत्न करते. तो म्हणाला, "ऊन हाय, ताई, बस पकडा."

मी प्रयत्न केले. डॉ. दिपालींना पत्र लिहायला सांगितलं. त्यांनी माझं पत्र पाहिलं आणि पहिल्यांदा आवाज चढवला. चाचणीतल्या माणसाचं नाव बाहेर दिल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. दुसरं पत्र गेलं नाही, कारण त्याने पहिलं अधिकृत ठरलं असतं. यादी सोमवारी गेली. नवव्या जागी दहावा आला, अनिस दहावा झाला.

त्याच आठवड्यात निकालावर निर्णय झाला. औषध बनवणाऱ्या कंपनीने आमचं कौतुक केलं. चूक वेळेत पकडल्याबद्दल माझं नाव अहवालात घातलं. आधीचा ९.४ खोडून १.९ धरला. तीनच्या खाली. नियमाप्रमाणे मात्रा दुप्पट.

"तुला माहीत होतं," डॉ. दिपाली म्हणाल्या. चिडून नाही. त्यांचा डबा त्या दिवशी बंदच होता.

"चार माणसांच्या मोजणीवर मात्रा दुप्पट करणार?"

"चार माणसांच्या मोजणीवर बावीस माणसांचा निकाल रद्द करा, असं तूच म्हणालीस." मग हळू आवाजात म्हणाल्या, "नऊ टक्के राहिले असते, तर सगळे त्याच साध्या गोळीवर राहिले असते. पुढच्या टप्प्यात खोटी गोळी आली असती आणि औषध आपोआप पडलं असतं. कुणाला काही झालं नसतं." त्यांनी अहवाल मिटला. "अर्थात, हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं."

दुप्पट मात्रेला बावीसपैकी सहा जण तयार झाले. अनिस नव्हता. पुढच्या मंगळवारी सकाळी चिमाजी आला, टेम्पोने नाही, एकटा, बसने. दाढी केली होती. मानेवर, कानांवर कुठेही काजळी नव्हती.

संमतीचा कागद मी त्याला मराठीत पूर्ण वाचून दाखवला. मग कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, सही करू नका. नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला. इथंच लिहिलंय."

"न्हाई म्हनून कुटं जाऊ?"

"दुसऱ्या कारखान्यात."

"चार ठिकानी जाऊन आलो. सेफ्टीवाले येकमेकाला फोन करत्यात. गेटवरचं पोरगं बी म्हनतंय, आला बघ गोळीवाला." तो हसला. "गोळीवाला तर गोळीवाला. हितं निदान पैसं आन येळेवर जेवन हाय."

"माझ्यामुळे झालं हे."

तो अंगठ्याने पेनचं टोक दाबत बसला. मग म्हणाला, "तुमी खोटं लिवलं न्हाई. त्ये बरोबरच हाय. मी बी खोटा जॉब सोडत न्हाई." पेन उघडलं. "पन ताप लिवला आसता, तर आज मी पयल्या शिफ्टला आसतो. येवढंच."

त्याने सही केली. नर्स दोन गोळ्या आणि पाण्याचा ग्लास ठेवून गेली. मात्रा वाढली की गोळी खरंच गिळली का, हे डोळ्यांनी बघायचा नियम आहे. लोक गालात धरून बाहेर थुंकतात. चिमाजीने दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या, ग्लासभर पाणी प्यायला आणि मी न सांगताच तोंड उघडलं.

मी टॉर्च लावला. जिभेवर काही नव्हतं.

"जीभ वर करा."

त्याने केली. मी दोन्ही गाल आतून बघितले. मग तक्त्यावर वेळ लिहिली, नऊ वाजून चार मिनिटं, आणि पुढे माझं नाव लिहिलं. वर बघितलं तर तो अजून तोंड उघडं ठेवून बसला होता.

"मिटा," मी म्हणाले.